चार गुंठे भाजीसाठी टिलर घ्यावा का?

प्रश्न : आम्ही दहिसरला राहतो. गोराईत ओळखीच्या कुटुंबाची चार गुंठे जागा दोन वर्षांपासून भाजीसाठी भाड्याने घेतली आहे, बोलीवर. यजमान निवृत्त आहेत, मातीकाम तेच करतात. पण आता पाठ साथ देत नाही. माणसं लावली तर एका खोदाईला ₹3,200 जातात, वर्षातून तीनदा. सात एचपीचा पेट्रोल टिलर (फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणारं यंत्र) ₹38,000 ला बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय, रोखीने ₹36,500 ला. शेजारी आणखी दोन कुटुंबं अशीच भाजी करतात. घ्यावा का?

उत्तर : ताई, एकट्याने घेऊ नका. तिघांत घ्यायचा असेल तर विचार करण्यासारखा आहे, पण त्याआधी जागेचं बघावं लागेल.

माणसं लावली तर मजुरीवर वर्षाला ₹9,600 जातात. टिलर सहा वर्षं चालला आणि शेवटी दहा हजारांना विकला गेला असं धरा. किमतीची झीज वर्षाला साधारण ₹4,400. तेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या एफडीत राहिले असते, ते व्याज ₹2,400. ऑइल, पाती, सर्व्हिसिंग मिळून अडीच हजार मी धरतो. मुंबईत पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, त्याचे वर्षाचे हजारेक. बेरीज दहा हजारांच्या पुढे जाते, म्हणजे मजुरीपेक्षा जास्तच. शिवाय टिलर माती फक्त मोकळी करतो. वाफे बांधायला, सऱ्या ओढायला, कोपरे काढायला फावडं लागतंच.

तुमच्या हिशेबात खरी अडचण तासांची आहे. चार गुंठे म्हणजे साडेचार हजार चौरस फुटांच्या आत. एका मशागतीला तीन तास पुरे, म्हणजे वर्षाला नऊ तास. बाकी सगळे दिवस मशीन पडून राहणार, आणि तेही समुद्राच्या खाऱ्या हवेत. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल राहिलं तर कार्बोरेटर चोंदतो. दुरुस्तीला न्यायचं तर उत्तन-भाईंदरमार्गे टेम्पो करावा लागेल, त्याचं भाडं वेगळं.

पाठीची काळजी मला पैशांहून मोठी वाटते. सात एचपीचं मशीन बरंच जड असतं. लहान वाफ्यात ते वळवताना, मागे ओढताना कमरेवरच ताण येतो आणि दांड्याची थरथर हातात उतरते. यजमानांनी कुणाच्या तरी शेतात ते अर्धा तास चालवून बघावं, डॉक्टरांनाही विचारावं. पाठ दुखावली तर एमआरआय आणि फिजिओथेरपीचा खर्च वर्षाच्या मजुरीहून सहज जास्त होईल.

मातीतही एक धोका आहे. जागेत लव्हाळा किंवा हरळी असलं चिवट तण असेल तर पाती त्यांचे तुकडे करून सगळीकडे पसरवतात, आणि प्रत्येक गाठीतून, कांडीतून नवं रोप उठतं. मग खुरपणीची मजुरी वाढते. म्हणून मला तर कायमचे गादीवाफे (उंच वाफे) करून त्यांवर पेंढ्याचं, पालापाचोळ्याचं आच्छादन टाकणं जास्त पटतं. सुरुवातीच्या एका खोल खोदाईला पैसे द्या; पुढे तीनदा खोदायची गरजच कमी होईल.

तिघांत घेतला तर हिशेब बदलतो. पेट्रोल ज्याचं त्याने घालायचं, बाकी खर्च वाटून घ्यायचा. पाती जास्त झिजतील हे धरूनही तुमच्या वाट्याला वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास येतील. मशीन कुणाच्या पडवीत राहणार, बिघडलं तर पैसे कोण देणार, एखादं कुटुंब बाहेर पडलं तर त्याला किती परत मिळणार, हे एका कागदावर लिहून तिघांनी सह्या करा. मैत्री आहे म्हणून तर हे आधी लिहायचं.

ईएमआय मात्र नकोच. रोखीत जे दीड हजार कमी होतात, तेच त्या 'नो-कॉस्ट'चं व्याज आहे. त्यावर प्रोसेसिंग फी असेल तर तीही जोडा. अनुदान धरून चालू नका : महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करायला जमीन अर्जदाराच्या नावावर लागते आणि खरेदी पूर्वसंमतीनंतरच करायची असते. 22 सप्टेंबर 2025 पासून मशागतीच्या यंत्रांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, तेव्हा बिलावर किती लावलाय ते बघून घ्या.

आणि जागा. सहा वर्षांचं मशीन तोंडी बोलीच्या जमिनीवर घेण्यात मला धोका दिसतो. मालकांशी निदान तीन वर्षांचा लेखी करार होतो का ते विचारा. ते तयार नसतील तर यंदा चालकासकट भाड्याने टिलर मिळतो का ते गोराई-उत्तनमध्ये चौकशी करा आणि ₹36,500 एफडीतच राहू द्या. करार झाला, शेजारी तयार असले, तर रोखीने घ्या. पण त्या मॉडेलची पाती आणि क्लच केबल भाईंदर-वसईत मिळते, याची खात्री पैसे देण्याआधी करा.