नववीत खेळ निवडताना: अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाचं गणित

आधी एक फरक पक्का लक्षात घे. कॉलेजच्या कोचने निवडलेला रिक्रूट आणि शाळेच्या संघात खेळणारा विद्यार्थी यांची रांगच वेगळी. हार्वर्डवरच्या २०१८च्या खटल्यात उघड झालं की रिक्रूट खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. इतरांसाठी व्हर्सिटी (शाळेच्या मुख्य संघातलं) टेनिस म्हणजे कॉमन ॲप या अनेक कॉलेजांच्या सामाईक प्रवेशअर्जातल्या उपक्रमांच्या १० रकान्यांपैकी एक.

रिक्रूट व्हायचंय? मग अकरावीची वाट पाहू नकोस. डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या) बहुतेक खेळांत कोच दहावीनंतरच्या १५ जूनपासून संपर्क साधतात. तुला मात्र त्याआधीही ईमेल पाठवता येतो. त्यात ग्रेड्स, वेळा किंवा रेटिंग, स्पर्धांचं वेळापत्रक आणि छोटा व्हिडिओ हवा. पोहण्यात तर सेकंदच बोलतात, तेव्हा त्या कॉलेजच्या संघातल्या मुलांच्या वेळा काढून स्वतःशी ताडून बघ. कोचने कौतुक केलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. प्री-रीड (अर्जाआधी प्रवेश कार्यालयाकडून तुझ्या ग्रेड्सची चाचपणी) करणार का, अर्जाला पाठिंबा देणार का, हे थेट विचार. एमआयटीत कोचच्या शब्दानेही प्रवेश पक्का होत नाही.

तेवढा दर्जा नसला तरी खेळ मनापासून आवडत असेल, तर जरूर खेळ. कॉमन ॲपच्या त्या रकान्यात वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं मिळतात. ती ‘टीमवर्क शिकायला मिळालं’ यात घालवू नकोस, कुणाला काय शिकवलंस ते लिही. नुसत्या अर्जासाठी खेळणार असशील, तर ते तास प्रयोगशाळेला किंवा तबल्याला दे.