लग्न, मूल, नोकरीबदल, घरबदल झाल्यावर विम्याचा हप्ता आणि संरक्षण बदलतं का?

सगळ्या पॉलिसींत नाही. ठरलेल्या हप्त्याच्या मुदत विम्यात (ठरावीक वर्षांसाठीच्या जीवन विम्यात) पुढे वजन वाढलं, मधुमेह झाला तरी हप्ता साधारणपणे तोच राहतो. पॉलिसी घेतानाच जोखीम मोजलेली असते. मात्र मूल झाल्यावर किंवा कर्ज काढल्यावर संरक्षण वाढवायला गेलात, की वाढीव रकमेसाठी आजचं वय आणि बहुधा आजची तब्येतही बघतात.

आरोग्य विम्यात नवजात बाळ आपोआप कायमचं जोडलं जाईल असं धरून चालू नका. नाव घालायची मुदत पॉलिसीत दिलेली असते. ती हुकली की बऱ्याचदा पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. नोकरी सोडताना कंपनीचा गट विमा बहुधा त्याच दिवशी किंवा महिनाअखेर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्याआधी घ्या. नंतर घेतली तर मधे खंड पडू शकतो, वर नव्या पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ (काही आजारांचे दावे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ) असतो तो वेगळाच.

सर्वांत जास्त फसगत घराच्या विम्यात होते. वर मजला चढवला, बांधकामाची किंमत 40 लाखांवरून 50 लाख झाली, विमा मात्र 40 लाखांचाच. 10 लाखांचं नुकसान झालं तर प्रमाणशीर कपातीची अट असलेल्या पॉलिसीत हाती 8 लाखच येतात, तेही वजावटीआधी, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा ठरलेला भाग वजा होण्याआधी.

खाजगी गाडी भाड्याने किंवा डिलिव्हरीला लावली तर आधी कळवा, नाहीतर दावा फेटाळला जाऊ शकतो. घटस्फोटानंतर नॉमिनी बदलायचं तर हमखास राहून जातं. बदल लेखीच कळवा आणि पृष्ठांकनाची (पॉलिसीत बदल नोंदवल्याच्या कागदाची) प्रत हातात घ्या. फोनवरचं 'झालं' दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.