वय झालं म्हणून कंपनी वडिलांकडे राजीनामा मागतेय, द्यावाच लागतो का?

नाही, द्यायलाच पाहिजे असं काही नाही, वडील ५३ चे झाले म्हणून तर अजिबात सही करू देऊ नका. प्रायव्हेटमध्ये वयावरून भेदभाव केला म्हणून थेट दाद मागता येईल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही (अमेरिकेत १९६७ पासून आहे, चाळिशीपुढच्यांसाठी), पण ते मशीनवर काम करतात म्हणताय म्हणजे कामगार कायदा लागतो आणि त्यात उलट जुन्या माणसालाच झुकतं माप आहे, एकाच प्रकारच्या कामात छाटणी करायची तर शेवटी लागला तो आधी जातो, वेगळं केलं तर कंपनीला कारण नोंदवावं लागतं. वर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. राजीनामा दिला की ही भरपाई गेली, राहते फक्त ग्रॅच्युइटी आणि पीएफ. म्हणून तर एचआरवाले 'वैयक्तिक कारणास्तव' टाईप केलेला कागद तयार ठेवून गोडगोड बोलतात, मी युनियन कमिटीत असताना हे बरंच पाहिलंय.

आत्ता एवढं करा:
- एचआरच्या केबिनमधून आल्यावर त्याच दिवशी वडिलांना कंपनीला मेल टाकायला सांगा, की राजीनामा मागितला, मी दिलेला नाही
- अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा घरी आणून ठेवा
- दबाव चालूच राहिला तर सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार

फक्त ते खरोखर मॅनेजर असतील तर यातलं बरंचसं लागू होत नाही, पण नुसता 'ऑफिसर' हुद्दा दिलाय म्हणून घाबरू नका, प्रत्यक्ष काम काय करतात ते बघितलं जातं.