एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) चालू आहे, बाजार वरखाली होतोय, तरी मला काहीच वाटत नाही. हा संयम की गाफीलपणा?

तुम्ही सुरुवात कधी केलीत त्यावर आहे. एप्रिल २०२० नंतर केली असेल तर खरी पडझड तुम्ही अंगावर घेतलेलीच नाही. त्या वर्षी २३ मार्चला निफ्टी, म्हणजे बड्या ५० कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक, एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. जानेवारीच्या शिखरापासून सुमारे ३८ टक्के. मग भराभर वर आला आणि सगळ्यांच्या डोक्यात बसलं, 'पडतो, पण येतो वर.' येतोही, पण किती दिवसांनी? जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता, ऑक्टोबरात ८ हजारांखाली. २१ हजार पुन्हा दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला.

ऐरोलीचा माझा मेहुणा 'मी ॲप उघडतच नाही' म्हणून मिरवायचा. (इंडेक्स फंडवाल्यांची, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात पैसे ठेवणाऱ्यांची, ही आवडती फुशारकी.) लॉकडाऊनमध्ये स्टेटमेंट आलं: अकरा लाखांचे सात. टक्के त्याला तोंडपाठ होते, पण चार लाख म्हणजे घणसोलीच्या फ्लॅटसाठी जमवलेली रक्कम, हे त्या रात्री उमगलं. सकाळी सगळं विकून मोकळा!

आज तुमची रक्कम रुपयांत कागदावर लिहा, त्यातून ४० टक्के वजा करा आणि तो आकडा बायकोला दाखवा. तिचा पहिला प्रश्न ऐका. पोटात गोळा आला तर एसआयपी बंद करू नका; येत्या दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे, मुलांची फी वगैरे, तेवढे एफडीत हलवा. काहीच वाटलं नाही, तर खुशाल ॲप बंद ठेवा.