घरात टीव्ही एकच. येत्या आठवड्यात काय बघायचं ते आधी कसं ठरवता? (बेळगाव)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून बदली होऊन बेळगावात आलात, टिळकवाडीत भाड्यानं घर घेतलं, टीव्ही एक आणि बघणारे पाच. आईंना मराठी मालिका, मिस्टरांना क्रिकेट, दोन्ही मुलांना कार्टून, आणि तुम्हाला काय हवंय ते विचारायला कुणाला सवड नाही. रोज साडेसात वाजले की रिमोटवरून वाजतं. रविवारी बसून पुढच्या आठवड्याचं ठरवून टाकता येईल का, असं विचारलंत.

येईल की. आम्ही वडगावात राहतो, शेजारी माग आहेत, त्यामुळे आमच्याकडे रिमोटच्या आधी आवाजावरून भांडण असतं. तरी जमलंय. फक्त ‘कुठली मालिका चांगली’ इथून सुरुवात करू नका, त्यातून काही निघत नाही. आधी एवढंच बघा: या आठवड्यात असं काय आहे की जे त्या वेळी चुकलं तर मागाहून बघण्यात राम नाही? ते कागदावर पहिलं. बाकी सगळं उरलेल्या वेळात बसवायचं.

आता तुमच्या आईंचा राग ओढवून घेते. या हिशेबानं मालिका यादीत शेवटी येतात. मालिका वाईट म्हणून नाही, मी स्वतः भाकरी थापता थापता दोन ऐकते. पण मालिका बांधलेलीच अशी असते की चार दिवस चुकली तरी पाचव्या दिवशी सगळं कळावं. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासातली सहा मिनिटं तिथेच गेली. सुरुवातीला ‘मागील भागात’, मग शीर्षकगीत, शेवटी ‘पुढील भागात’. उरलेल्यात एक जण जिन्यावरून खाली येतो आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दिसतो. गोष्ट खरी हलते ती शुक्रवारी-शनिवारी, नाहीतर रविवारच्या महाएपिसोडला. टीआरपी मोजणाऱ्या बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि आकडे पुढच्या गुरुवारी बाहेर येतात. आकडा घसरला की थोड्याच दिवसांत कुणाचा तरी साखरपुडा मोडतो किंवा कुणाची तरी स्मृती जाते, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. तेव्हा मंगळवार-बुधवार हे मालिकांचे पडके दिवस धरा. मॅच, मुलांचं काही, तुमचं स्वतःचं काही, ते त्या दिवसांत घाला.

आईंना हे असं तोंडावर सांगू नका. त्यांना म्हणा, एक मालिका तुमची. ती वेळेवर लागणार म्हणजे लागणार, आणि त्या अर्ध्या तासात घरात कुणी ब्र काढणार नाही. कुठली ते त्यांनीच ठरवायचं. बाकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपली की. पुनःप्रक्षेपण बहुतेक सगळ्यांचं असतं, वेळ एकदा टिपून ठेवायची. मोबाईलवर बघायची तयारी असेल तर झी मराठीचं सगळं झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचं सोनीलिव्हवर मिळतं. आमच्या सासूबाई मोबाईलवर बघत नाहीत. ‘एवढ्याशा चौकोनात कोण रडतंय ते दिसत नाही’ म्हणतात, आणि त्यांचंही खरंच आहे.

इथे आलात तशी एक गंमत तुमच्याही वाट्याला येईल. आपल्याकडे निवड दुप्पट दिसते, एक मराठीतली आणि एक कन्नडमधली, पण बऱ्याचदा माल एकच असतो. गाण्याच्या आणि नाचाच्या स्पर्धा दोन्हीकडे त्याच साच्यातल्या. मालिकाही इकडून तिकडे जातात. २०१९ साली झी कन्नडवर ‘जोते जोतेयली’ सुरू झाली. आमच्या शेजारच्या अक्का भाजी निवडत निवडत सासूबाईंना रोज कुंपणावरून गोष्ट सांगायच्या. मोडकं मराठी, मोडकं कन्नड, पण मालिकेला तेवढं पुरतं. सासूबाईंनी थोडे दिवस ऐकून घेतलं आणि मग एकदम म्हणाल्या, “अगं, हा तर आपला विक्रांत सरंजामे!” ती मालिका म्हणजे झी मराठीवरच्या ‘तुला पाहते रे’चंच कन्नड रूप. मराठीतली आदल्या वर्षी सुरू होऊन तोवर संपलीसुद्धा होती. म्हणजे सासूबाईंना शेवटापर्यंत सगळं ठाऊक. सांगायचं नाही म्हणून त्यांनी तोंड दाबून धरलं, पण अक्का त्या नायकाचं कौतुक करायला लागल्या की यांचा चेहराच सगळं सांगायचा. अक्कांनी शेवटी विचारलंच, “एन आयतु (काय झालं)? तो वाईट आहे काय?” तेव्हापासून त्या दोघी कुठलीही नवी मालिका लागली की आधी एकमेकींकडे चौकशी करतात. तुम्हीही शेजारी तेवढी ओळख ठेवा. निम्मा वेळ वाचतो.

आता पॅकचं बघू. मला वाटतं तुमच्याकडच्या भांडणाचं मूळ तिथेच आहे. कनेक्शन इथे घेतलं की केबलवाला कर्नाटकचं पॅक टाकून मोकळा होतो. त्यात उदया, झी कन्नड, कलर्स कन्नड, स्टार सुवर्णा भरपूर आणि मराठीचा दुष्काळ. मग जी एखादी मराठी वाहिनी लागते तिच्यावर सगळ्यांची झुंबड. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे केबल-डीटीएचवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानं हवी ती वाहिनी सुटी घेता येते आणि न बघितलेल्या वाहिनीचे पैसे भरायची सक्ती नाही. पॅकमध्ये घालायची असेल तर एका वाहिनीची किंमत महिन्याला १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, त्यावर जीएसटी. म्हणजे एखाद-दुसरी मराठी वाहिनी जोडली तर फार फरक पडत नाही. पण ते आपल्याला मागावं लागतं. आमच्याकडे झालेला संवाद:

“काकू, कन्नड पॅक स्वस्त पडतंय की.”
“पडूदे की. पण बघणार कोण ते?”

डीटीएच असेल तर प्रश्नच नाही, सरळ मराठी पॅक मागा आणि त्यात एक-दोन कन्नड वाहिन्या सुट्या जोडा. डीटीएचच्या बॉक्सवर गाइडचं बटण असतं, त्यात पुढच्या काही दिवसांचे कार्यक्रम दिसतात आणि आठवणही लावून ठेवता येते. रविवारी सकाळी चहा घेताना ते एकदा चाळलं की निम्मं ठरलं. केबलच्या बॉक्सवरच्या गाइडवर मात्र विसंबू नका. आमच्या बॉक्सवर महिनाभर एकाच सिनेमाचं नाव दिसत होतं.

कन्नड वाहिन्या जोडा म्हणते ते उगाच नाही. ‘चुकलं तर राम नाही’ या यादीत बातम्या वर असतात, आणि मराठी बातम्यांत आपण नसतो. पाऊस दाखवतील तो मुंबई, पुणे, मराठवाडा, विदर्भ. नकाशात कोल्हापूरच्या खाली रंगच संपतो. सीमाप्रश्न पेटला की तेवढे दोन दिवस आपण दिसतो. इथल्या शाळेची सुट्टी, बसचं भाडं, दहावीचा निकाल हे सगळं कन्नड वाहिन्यांवर आणि सकाळच्या पेपरात. डिसेंबरमध्ये हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की कुठला मोर्चा कुठे अडवलाय तेही तिथेच कळतं, आणि मिस्टरांचं ऑफिस हलग्याच्या बाजूला असेल तर ते कळलेलं बरं. कन्नड समजत नसलं तरी खालची पट्टी मुलं वाचून दाखवतात. नाही वाचली तर चित्रं आहेतच.

जुलै-ऑगस्टचा हिशेब मात्र वेगळा. त्या दिवसांत रोज रात्री अर्धा तास दोन्ही भाषांतल्या बातम्यांना द्या, तिथे मालिकेची दयामाया नको. पाणी वरून येतं महाराष्ट्रातून आणि पुढे अडतं कर्नाटकात. कोयनेतून किती सोडलं, राधानगरीचे दरवाजे उघडले का, पंचगंगा कुठवर आली हे मराठी वाहिन्या सांगतात. अलमट्टीतून विसर्ग किती, चिक्कोडी तालुक्यातले कल्लोळ-यडूरकडचे पूल पाण्याखाली गेले का, हे कन्नड वाहिन्या. निपाणीकडे वेदगंगा-दूधगंगा चढली की दोन्हीकडचं जोडून बघावं लागतं. तुम्ही तर साताऱ्याला ये-जा करणार. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ महामार्गावर पाणी येऊन रस्ता बंद पडला होता. निघायच्या आदल्या रात्री मालिका बघत बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी निपाणीतून माघारी आलेली मी पाहिली आहेत.

तिसरी न चुकवायची गोष्ट गावची. इथल्या स्थानिक केबल वाहिन्यांवर अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक आणि शिवजयंतीचे चित्ररथ थेट दाखवतात. शिवजयंती आपल्याकडे तिथीनं, वैशाखात असते, मिरवणुकीसाठी फेब्रुवारीत वाट बघू नका. पहिल्या वर्षी मुलांना घेऊन प्रत्यक्षच जा, पण आईंना गर्दीत नेऊ नका, त्यांना टीव्हीवर लावून द्या. त्या आठवड्यात दुसरं काही ठरवायच्या फंदात पडूच नका.

क्रिकेटवरून वाटतं तेवढं अडत नाही. भारत ऑस्ट्रेलियात खेळत असेल तर सामना बहुतेकदा संध्याकाळच्या आत उरकतो. अडचण येते ती घरच्या मैदानावरच्या रात्रीच्या सामन्यांची आणि आयपीएलची, कारण साडेसातला नाणेफेक होऊन खेळ सुरू झालेला असतो आणि तीच मालिकांची वेळ. तिथे मिस्टरांना आठवड्याला दोन सामने द्या, कुठले ते त्यांनी रविवारीच सांगायचे, बुधवारी येऊन ‘आज महत्त्वाचा आहे’ चालणार नाही. प्रत्येक सामना महत्त्वाचाच असतो. बाकीचे मोबाईलवर बघू देत. तिथे २०२३ पासून आयपीएलचं मराठी समालोचनही यायला लागलं, ते टीव्हीवरच्यापेक्षा मजेदार वाटतं मला.

मुलांबद्दल: इथल्या शाळेत कन्नड आलंच, आणि साताऱ्याहून आलेल्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं. कार्टून बघणारच असतील तर चिंटू टीव्ही लावा, लहान मुलांची कन्नड वाहिनी आहे. कार्टूनमधली भांडणं कुठल्याही भाषेत कळतात, शब्द मागून चिकटतात. मोठ्या मुलीसाठी दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवरचा ‘थट्ट अंत हेळी’ बघा, २००२ साली सुरू झालेली प्रश्नमंजूषा आहे, डॉ. ना. सोमेश्वर घेतात आणि बक्षीस म्हणून पुस्तकं देतात. आरडाओरडा नाही, पार्श्वसंगीताचे ढोल नाहीत. मला कन्नड अर्धवट येतं, तरी मी बघते.

दुसरा टीव्ही घ्यावा का, असंही शेवटी विचारलंय. घ्यायचा तर जुनाच कुणाचा तरी घ्या आणि त्याला केबल न जोडता दूरदर्शनची फ्री डिश लावा. छत्री आणि बॉक्सचे एकदाच पैसे, महिन्याचं काही नाही. सह्याद्री लागतो, चंदना लागतो, आणि भारताचे एकदिवसीय व टी-२० सामने डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसतात, कारण २००७ च्या कायद्यानं ते दूरदर्शनला द्यावे लागतात. केबलवर तोच डीडी स्पोर्ट्स असला तरी सामना दिसत नाही, तेव्हा मिस्टरांना त्याच खोलीत पाठवा. खाजगी मराठी वाहिन्याही फ्री डिशवर असतात, पण तिथल्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे एप्रिलमध्ये एखादी अचानक नाहीशी होते; त्या भरवशावर आईंची मालिका ठेवू नका. छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसते, मध्ये नारळाचं झाड किंवा शेजाऱ्यांची पाण्याची टाकी येणार नाही अशी जागा आधी गच्चीवर जाऊन बघा. घर भाड्याचं आहे, तेव्हा भिंतीला भोक पाडायच्या आधी मालकांना विचारा. आणि सह्याद्री लागलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मिस्त्रीच्या हातावर पैसे टेकवू नका.