तिकिटावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असले तरी भरपाई मागता येते का?

आपली आई महापालिकेच्या मत्स्यालयात ओल्या फरशीवरून घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. तिकिटामागे ‘प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असल्याने तिथला ठेकेदार हात झटकतो आहे. अशा वेळी कायद्याने काय करता येईल आणि वकील नेमावाच लागेल का, असे आपण विचारले आहे. भरपाई मागता येते, आणि त्या छापील ओळीला ठेकेदार देतो तेवढी किंमत मुळीच नाही. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलातून मोटार चोरीला गेली होती आणि पार्किंगच्या टोकनावर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. तरीही स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा ओळीने टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. मोटारीला जे संरक्षण मिळते ते माणसाच्या हाडांना मिळू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी ते न्यायाधीशांसमोर मांडून पाहावे.

मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण हीच ओळ मलाही ऐकवण्यात आली होती. एका जल-उद्यानात उंच घसरगुंडीकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्यावरून मी पडले. पायऱ्यांच्या कडांना खरखरीत पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, पण मी जिथे घसरले त्या पायरीवरची पट्टी निघून गेली होती. तिथे वाळलेल्या गोंदाचा काळा, गुळगुळीत थर तेवढा उरला होता आणि त्यावरून पाणी वाहत होते. ‘जपून चाला’ असा पिवळा फलकही होता, मात्र तो जिन्याखाली, हवा भरलेल्या ट्यूबच्या ढिगामागे, भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला बाकावर बसवल्यावर माझ्या पुतणीने पायरीची आणि फलकाची छायाचित्रे काढली. दुसऱ्या दिवशी माझे यजमान चौकशीला गेले, तेव्हा त्या पायरीवर नवी कोरी पट्टी लागलेली होती.

प्रथमोपचाराच्या खोलीत व्यवस्थापक टाइप केलेला कागद घेऊन आले. ‘माझ्या दुर्लक्षामुळे मी पडले असून उद्यानाविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही’ असा त्यातला मजकूर होता, आणि सही केल्यास उपचाराचा खर्च व पुढच्या वेळी मोफत प्रवेश मिळणार होता. असा कागद त्यांच्याकडे तयारच असावा, यातच सगळे आले. माझे थोरले दीर सोबत होते. ‘सही करून टाक, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे ते म्हणाले. ‘भाऊजी, उजवे मनगट मोडले आहे, सही कशी करू?’ एवढेच मी म्हटले आणि आम्ही थेट रुग्णालय गाठले.

तिथेही डॉक्टरांनी विचारताच दिरांनी परस्पर ‘जिन्यावरून पडली’ असे सांगितले आणि केसपेपरवर तेवढेच लिहिले गेले. मी हट्टाने उद्यानाचे नाव, घसरगुंडीचा जिना आणि वेळ त्यात लिहून घेतली. पुढे उद्यानाच्या वकिलांनी ‘ही दुखापत आमच्या आवारातली नाही’ असा पवित्रा घेतला, तेव्हा तो केसपेपरच उपयोगी पडला. आपल्या आईच्या केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर अपघाताचे ठिकाण लिहिले आहे का, ते आधी पाहा. दुसरे म्हणजे, त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रीकरण आणि देखभालीची नोंदवही जपून ठेवावी, असे पत्र पोच घेऊन द्या, कारण चित्रीकरण बहुधा काही आठवड्यांतच आपोआप पुसले जाते. आमच्या प्रकरणात पत्र मिळूनही उद्यानाने चित्रीकरण आणि नोंदवही, दोन्ही सादर केले नाही, आणि त्याचा अर्थ आयोगाने त्यांच्या विरोधात काढला.

आयोग म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन तिकीट घेतले की आपण ग्राहक ठरता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, ती आपण राहता त्याच जिल्ह्यात करता येते आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही, म्हणजे प्रवेश-तिकिटाच्या बाबतीत ते लागतच नाही. कोर्टकचेरीत घर धुऊन निघते, असे दीर आजही प्रत्येक समारंभात सांगतात; मी तक्रार स्वतः लिहिली, सुनावणीला स्वतः उभी राहिले आणि उपचाराचा खर्च, बुडालेला पगार व मानसिक त्रासाची भरपाई मिळवली, याचा उल्लेख मात्र ते टाळतात. मागितले होते त्यापेक्षा कमी मिळाले, हे खरे आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा असली तरी प्रत्यक्षात बराच अधिक काळ गेला, हेही खरे आहे.

पोलिसांत तक्रार करावी की नाही, हे आपण ठरवा. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे आणि निष्काळजीपणाने ती घडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे, परंतु त्यातून भरपाई हाती पडेल अशा भ्रमात राहू नका.

प्रत्येक पडण्याला भरपाई मिळते, असेही समजू नये. न्यूयॉर्कमध्ये सरकत्या पट्ट्यावर तोल सावरण्याच्या खेळात गुडघ्याची वाटी फुटलेल्या तरुणाचा दावा १९२९ मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी फेटाळला, कारण पडणे हीच त्या खेळातली उघड गंमत होती. मत्स्यालयातील ओली फरशी हा काही खेळ नव्हे. तरीही फलक ठळकपणे लावलेला असेल आणि आई दोरी ओलांडून गेली असेल, तर भरपाई कमी होईल किंवा मिळणारही नाही.

जागा महापालिकेची असल्याने जबाबदारी संपत नाही. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, त्या प्रकरणात १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेलाच जबाबदार धरले होते. म्हणून तक्रारीत महापालिका आणि ठेकेदार, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. प्रवेश सर्वांनाच विनामूल्य असता, तर ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होऊन दिवाणी दावा करावा लागला असता. तशा दाव्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते; महापालिकांच्या कायद्यांत नोटिशीच्या वेगळ्या आणि कधी कधी आखूड मुदती असतात, त्यामुळे त्या वाटेने जायचे झाल्यास मात्र वकील कराच. देखभाल कोणाकडे आहे यावर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील. त्यासाठी ठेक्याच्या करारनाम्याची प्रत माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तेव्हा तो अर्ज या आठवड्यातच द्या.