मुलीच्या गणिताच्या नव्या पद्धती मला कळत नाहीत आणि माझं इंग्रजी कच्चं आहे. तिचा घरचा अभ्यास कसा घेऊ?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे. ४२ − १७ सोडवायला तिने वहीत एक रेघ ओढून तिच्यावर उड्या काढल्या होत्या, तुम्ही तिला उभी मांडणी दाखवलीत आणि ती ‘बाई असं शिकवत नाहीत’ म्हणून रडायला लागली. मी बरीच वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना हे दोन्ही विषय शिकवते आहे. तुमची पद्धत चूक नाही आणि तिचीही नाही. फक्त तुम्ही जिथे पोचला आहात तिथे ती अजून चालत निघाली आहे.

ती रेघ म्हणजे संख्यारेषा. १७ वरून २० वर ३ ची उडी, २० वरून ४२ वर २२ ची. दोन्ही मिळून २५. आपण लहानपणी ‘२ मधून ७ जात नाहीत, शेजारून १ उसना घेतला’ असं म्हणत गणित सोडवायचो. उत्तर बरोबर यायचं, पण तो १ म्हणजे खरं तर १० आहे हे आपल्यापैकी पुष्कळांना फार उशिरा कळलं.

माझ्या वर्गात एक मुलगा याच गणिताचं उत्तर ३५ काढायचा. ७ मधून २ गेले ५, ४ मधून १ गेला ३. सुरुवातीच्या वर्षांत मी अशा उत्तरावर फुली मारून ‘पुन्हा सराव कर’ म्हणायचे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या मुलाला वजाबाकी येत होती. त्याला ४२ ही एक संख्या दिसत नव्हती, ४ आणि २ असे शेजारी बसलेले दोन सुटे आकडे दिसत होते. अशा मुलाकडून शंभर उदाहरणं सोडवून घेतली तर तीच चूक शंभर वेळा गिरवली जाते. त्यापेक्षा काड्यांचे दहा-दहाचे ४ गठ्ठे आणि २ सुट्ट्या काड्या पुढ्यात ठेवा आणि १७ मागा. ७ सुट्ट्या द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. उसना म्हणजे काय ते मुलाचे हातच त्याला सांगतात.

आजची पुस्तकं या क्रमाने चालतात: आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हा विचार मांडला आणि सिंगापूरने १९८०च्या दशकात आपलं शालेय गणित त्यावर उभं केलं. गुणाकारातही तेच. २३ × ४ साठी पुस्तक २० × ४ = ८० आणि ३ × ४ = १२ असं वेगळं करून ९२ काढतं. आपण ‘चार त्रिक बारा, हातचा एक, चार दुणे आठ’ म्हणतो. तो आठ खरं तर ऐंशी आहे, आणि पुस्तकाला तेवढंच दाखवायचं असतं.

पाढे मात्र पाठ हवेतच, यात माझं मत पक्कं आहे. आठवायला वेळ लागला की मूल मूळ गणितच विसरतं. फक्त ७ × ८ अडलं तर ५ × ८ = ४० आणि २ × ८ = १६ मिळून ५६ असा रस्ता त्याला माहीत असावा.

एक गोष्ट खास मराठी घरांसाठी. ‘अठ्ठावीस’ ऐकताना आठ आधी ऐकू येतो, म्हणून मूल ८२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ३९ लिहितं. शाळेत ‘ट्वेंटी एट’ म्हणजे दशक आधी, घरी एकक आधी. ही मुलाची ढिलाई नव्हे. त्याच्या कानावर दोन वेगळे क्रम पडत असतात. रागावू नका. काही दिवस ‘अठ्ठावीस, म्हणजे वीस आणि आठ’ असं जोडून म्हणा.

आता इंग्रजी. देवनागरीत अक्षराचं नाव हाच त्याचा उच्चार, त्यामुळे ‘सी, ए, टी’ म्हटल्यावर ‘कॅट’ कुठून आलं हे मुलाला कळत नाही, आणि खरं तर ते त्या नावांतून येतही नाही. म्हणून आता शाळा आधी ध्वनी शिकवतात: क्, ॲ, ट्. अक्षरं २६, ध्वनी साधारण ४४. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली उपलब्ध संशोधन तपासून ध्वनी पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूने कौल दिला. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेत ४० शब्दांची वाचन-चाचणी होते, त्यातले २० शब्द निरर्थक असतात. मूल पाठांतरावर न जाता ध्वनी जोडून वाचतंय का, ते त्यातून दिसतं.

इथे मराठी येणाऱ्या पालकाला एक सोपी सोय आहे. ध्वनी म्हणताना ‘म’ नाही, पाय मोडलेला ‘म्’ म्हणायचा. ‘म-ॲ-ट’ म्हटलं तर मधे एक अ घुसतो आणि शब्द जुळत नाही. ‘म्-ॲ-ट्’ म्हटलं की ‘मॅट’ आपोआप होतं.

तिने ‘फोन’ लिहिताना एफ, ओ, एन लिहिलं तर आधी कौतुक करा, कारण तिने सगळे ध्वनी बरोबर ऐकले आहेत. स्पेलिंग त्यानंतर सांगा. ‘नाइट’ (रात्र नव्हे, सरदार) या शब्दाच्या आधी जो मुका के लागतो, त्याचा पूर्वी खरोखर उच्चार होत असे. उच्चार बदलला, स्पेलिंग तसंच राहिलं. अशा शब्दांना पाठांतराशिवाय पर्याय नाही, आणि तसं मुलीला सांगून टाकलेलं बरं.

तुमच्या कच्च्या इंग्रजीची काळजी थोडी कमी करा. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. यातलं एक शून्य असेल तर वाचनही शून्य. पहिला भाग शाळा करून घेईल. दुसऱ्यासाठी तिच्याकडे गोष्टी, शब्द आणि प्रश्न यांचा साठा लागतो, आणि तो तुम्ही मराठीत रोज भरू शकता. धड्यात पाऊस कसा पडतो ते आलं असेल, तर आधी त्यावर मराठीत बोला. मग इंग्रजी परिच्छेद तिला इतका परका वाटणार नाही.

पालकसभेत ‘किती गुण पडले’ याच्या आधी विचारा: ‘या सहामाहीत तिला काय यायला हवं, आणि घरी आम्ही काय करू नये?’

आज संध्याकाळी ती वही पुन्हा उघडा. खोडरबर बाजूला ठेवा आणि तिला विचारा, ‘तू २० वर का थांबलीस?’ तिने नीट सांगितलं, तर गठ्ठे काढून तुमची उभी मांडणीही तिला दाखवायला हरकत नाही.